पाणी उडते, पण रेणू तुटत नाही : सहसंयुज बंधाची ओळख

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या माण तालुक्यात हा आकडा कसाबसा पाचशेच्या आसपास घुटमळतो. दहिवडी, म्हसवड, आंधळी, राणंद या परिसरात आणि माणगंगेच्या काठाने पुढे सांगली जिल्ह्यातील आटपाडीपर्यंत पाण्याचा प्रत्येक साठा मोलाचा मानला जातो. मात्र हा साठा केवळ उपशाने कमी होत नाही. कोणी एक घागरही न भरता राजेवाडीसारख्या विस्तीर्ण तलावाची पातळी उन्हाळ्यात दिवसेंदिवस खाली जाते. एक हेक्टर पृष्ठभागावरून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडाले, तरी ते पन्नास हजार लिटर भरते. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर रोज आकाशात जातात.

हे पाणी जाते म्हणजे नेमके काय होते? त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा होतो काय? किटलीत उकळणाऱ्या पाण्यातील बुडबुड्यांत कोणता वायू असतो, असे विचारल्यास अनेक विद्यार्थी 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन' असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे आहे. त्या बुडबुड्यांत पाण्याचीच वाफ असते. ही चूक का होते आणि खरे उत्तर काय, हे समजण्यासाठी रसायनशास्त्रातील एक मूलभूत संकल्पना जाणून घ्यावी लागते. ती म्हणजे सहसंयुज बंध.

सावडीचा व्यवहार

अणूच्या केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन कवचांमध्ये विभागलेले असतात. त्यांतील सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन रासायनिक व्यवहारात भाग घेतात. निऑन, आरगॉन यांसारख्या राजवायूंच्या बाह्य कवचात आठ इलेक्ट्रॉन असतात, तर हेलियमच्या एकमेव कवचात दोन. ही मांडणी स्थिर असल्याने हे वायू सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. अन्य मूलद्रव्यांचे अणू मात्र अशी स्थिर मांडणी मिळविण्यासाठी परस्परांशी जोडले जातात. त्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत.

पहिला मार्ग देवाणघेवाणीचा. सोडिअमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरिनला देऊन टाकतो. देणारा धनप्रभारित व घेणारा ऋणप्रभारित होतो आणि विरुद्ध प्रभारांच्या आकर्षणाने दोघे बांधले जातात. हा आयनिक बंध. रोजच्या जेवणातील मीठ हे त्याचे परिचित उदाहरण.

दुसरा मार्ग भागीदारीचा. कोरडवाहू मुलखात एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात. दोघांचे बैल एका औताला जुंपले जातात आणि ती जोडी दोघांच्याही शेतात राबते. बैल कोणी कोणाला विकलेला नसतो, तरी जोडी दोघांचीही असते. सहसंयुज बंध हा असाच व्यवहार आहे. दोन अणू प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन सामाईक करतात आणि तयार झालेली इलेक्ट्रॉनची जोडी दोघांच्याही हिशेबात धरली जाते. दोन्ही अणूंची धनप्रभारित केंद्रके मधल्या ऋणप्रभारित जोडीकडे ओढली जातात आणि या ओढीमुळे अणू एकत्र राहतात.

ही कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. शालेय पुस्तकांत इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवून रेणूची जी रचना काढली जाते, तिचा उगम त्यांच्याच लेखनात आहे. १९१९ मध्ये आयर्विंग लँगम्यूर यांनी या विचाराचा विस्तार केला आणि या प्रकारच्या बंधाला आजचे इंग्रजी नाव रूढ केले. १९२७ मध्ये वॉल्टर हाइटलर व फ्रिट्झ लंडन यांनी हायड्रोजनच्या रेणूतील बंधाचे पुंज यामिकीच्या आधारे गणिती स्पष्टीकरण दिले. पुढे लायनस पॉलिंग यांनी १९३९ मधील आपल्या ग्रंथात हा सारा विषय एका सूत्रात गुंफला. रासायनिक बंधांवरील संशोधनासाठी त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी लँगम्यूर यांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण तलावातील पाण्याच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे.

एकेरी, दुहेरी, तिहेरी

हायड्रोजनच्या दोन अणूंमध्ये इलेक्ट्रॉनची एक जोडी सामाईक असते. हा एकेरी बंध. त्यातील दोन केंद्रकांमधील अंतर ७४ पिकोमीटर असते. एका मीटरचे एक लाख कोटी भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे पिकोमीटर. हा बंध तोडण्यास प्रति मोल ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते.

ऑक्सिजनच्या बाह्य कवचात सहा इलेक्ट्रॉन असतात. अष्टक पूर्ण होण्यास दोन कमी पडतात. म्हणून ऑक्सिजनचे दोन अणू दोन जोड्या सामाईक करतात. हा दुहेरी बंध असून तो तोडण्यास सुमारे ४९८ किलोज्यूल लागतात. नायट्रोजनच्या बाह्य कवचात पाच इलेक्ट्रॉन असल्याने त्याला तीन जोड्या सामाईक कराव्या लागतात. हा तिहेरी बंध तोडण्यास तब्बल ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते.

या आकड्याचा शेतीशी थेट संबंध आहे. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनचा असूनही पिकाला तो हवेतून घेता येत नाही, कारण तिहेरी बंध फोडणे पिकाच्या आवाक्याबाहेरचे असते. कारखान्यात हेच काम ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान, प्रचंड दाब आणि लोहयुक्त उत्प्रेरक यांच्या साहाय्याने केले जाते. त्यातून अमोनिया व पुढे युरिया तयार होतो. माणच्या हलक्या रानात घेतल्या जाणाऱ्या मटकी आणि हुलग्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू मात्र हाच बंध साध्या तापमानात सोडवितात. कडधान्याच्या फेरपालटाने जमीन सुधारते, या जुन्या अनुभवामागे हे रसायन आहे.

भागीदारी, पण समसमान नव्हे

सामाईक जोडीवर दोन्ही अणूंचा हक्क असला, तरी ओढ सारखी असेलच असे नाही. इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचण्याच्या अणूच्या क्षमतेला विद्युत ऋणता म्हणतात. पॉलिंग यांच्या मापनश्रेणीवर हायड्रोजनची विद्युत ऋणता २.२, कार्बनची २.५५, तर ऑक्सिजनची ३.४४ आहे. हायड्रोजन आणि कार्बन यांच्यातील फरक थोडा असल्याने त्यांच्यातील जोडी जवळपास मध्यावर राहते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये मात्र जोडी ऑक्सिजनकडे झुकते. अशा बंधाला ध्रुवीय सहसंयुज बंध म्हणतात.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू हायड्रोजनच्या दोन अणूंशी एकेरी बंधांनी जोडलेला असतो. हे दोन बंध सरळ रेषेत नसून त्यांच्यात १०४.५ अंशांचा कोन असतो. परिणामी रेणूच्या ऑक्सिजनकडील बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनकडील बाजूंना किंचित धन प्रभार येतो. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. रेणू-रेणूंमधील या ओढीला हायड्रोजन बंध असे नाव आहे.

येथेच नेहमीची गफलत होते. 'हायड्रोजन बंध' आणि 'हायड्रोजनने केलेला सहसंयुज बंध' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला रेणूच्या बाहेरचा, दुसरा रेणूच्या आतला. पहिला तोडण्यास प्रति मोल साधारण २० किलोज्यूल पुरतात, तर दुसऱ्यास सरासरी ४६३ किलोज्यूल लागतात.

बाहेरचा बंध दुबळा असला, तरी त्याचे महत्त्व थोडे नाही. पाण्याशी रचनेने साधर्म्य असलेला हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. हायड्रोजन बंधांचे जाळे नसते, तर पाणीही आपल्या तापमानात वायूच राहिले असते आणि तलाव ही गोष्टच अस्तित्वात आली नसती.

उन्हाला काय जमते, काय जमत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल ऊर्जा लागते. ही ऊर्जा रेणूंना एकमेकांपासून सोडविण्यात खर्च होते. त्याच एक लिटर पाण्यातील सर्व सहसंयुज बंध तोडून सुटे अणू करायचे झाल्यास सुमारे ५१,००० किलोज्यूल, म्हणजे वीसपटीहून अधिक ऊर्जा लागेल. पाण्याचे रेणू तोडू शकणारे तीव्र अतिनील किरण वातावरणाच्या वरच्या थरांतच अडविले जातात. जमिनीवर पोहोचणारे ऊन रेणूंची एकमेकांवरील पकड सोडविते, रेणू मात्र फोडत नाही.

म्हणून राजेवाडीच्या तलावातून उडालेले पाणी नष्ट होत नाही. ते पाणी म्हणूनच हवेत जाते, वाऱ्याबरोबर वाहत जाते आणि कोठेतरी पाऊस होऊन पडते. ते माणमध्येच पडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही, एवढीच माणची अडचण आहे.

वाफ होताना मागे काय राहते, हेही पाहण्याजोगे आहे. पाण्यात विरघळलेले सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम यांचे क्षार आयनांच्या रूपात असतात. ते उडत नाहीत. पाणी आटत जाते तसे उरलेल्या पाण्यातील त्यांचे प्रमाण वाढते. आटत आलेल्या तळ्याचे पाणी मचूळ लागणे, त्यात साबणाला फेस न येणे, भांड्यांवर पांढरे पुट चढणे ही त्याचीच लक्षणे होत. कॅल्शिअम व मॅग्नेशिअमचे आयन साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात, त्यामुळे फेस होत नाही.

टीसीएल पावडरचे रहस्य

एकाच पदार्थात दोन्ही प्रकारचे बंध असू शकतात. ग्रामपंचायतीचे कर्मचारी विहिरीत किंवा टाकीत जी टीसीएल पावडर टाकतात, ती याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्यातील कार्यकारी घटक म्हणजे कॅल्शिअम हायपोक्लोराइट. त्यातील कॅल्शिअम आणि हायपोक्लोराइट यांच्यामध्ये आयनिक बंध असतो, तर हायपोक्लोराइटच्या आत ऑक्सिजन आणि क्लोरिन सहसंयुज बंधाने जोडलेले असतात. पावडर पाण्यात पडली की आयनिक बंध सुटतो. हायपोक्लोराइटचा पाण्याशी संयोग होऊन हायपोक्लोरस आम्ल तयार होते. हे आम्ल जंतूंच्या पेशीत शिरून त्यांचा नाश करते.

ऑक्सिजन आणि क्लोरिन यांच्यातील हा सहसंयुज बंध तुलनेने कमकुवत असतो. जंतुनाशक म्हणून तो उपयोगी पडतो तो याच कारणाने, आणि पावडर फार काळ टिकत नाही तीही याच कारणाने. डबा उघडा राहिल्यास, ओल वा ऊन लागल्यास तिची शक्ती कमी होते. जुन्या, उघड्या डब्यातील पावडर मोजून टाकली तरी पाणी निर्जंतुक होईलच असे नाही. टँकरच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या गावांत ही बाब आरोग्याशी निगडित ठरते.

वीस ग्रॅमचा पडदा

पाण्याचे रेणू पृष्ठभागावरून सुटतात, तर पृष्ठभागावरच त्यांची वाट अडविता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर सहसंयुज बंधांच्याच अभ्यासातून मिळाले. लँगम्यूर यांनी पाण्यावर पसरणाऱ्या तेलकट पदार्थांच्या पापुद्र्यांचा अभ्यास केला आणि असा पापुद्रा केवळ एका रेणूइतक्या जाडीचा असू शकतो हे दाखवून दिले. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रातील कार्यासाठी त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सिटाइल अल्कोहोल हा मेणासारखा पांढरा पदार्थ चेहऱ्याच्या क्रीममध्ये वापरला जातो. त्याच्या रेणूत कार्बनच्या सोळा अणूंची लांब साखळी असते आणि तिच्या एका टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. हे टोक ध्रुवीय असल्याने पाण्याला धरून राहते. साखळीतील कार्बन-हायड्रोजन बंध जवळपास अध्रुवीय असल्याने ती पाण्यात शिरत नाही, वर उभी राहते. असे असंख्य रेणू खेटून उभे राहिले की पाण्यावर दाट पडदा तयार होतो आणि वाफेची वाट आखडते. एक हेक्टर पाणी एका रेणूच्या जाडीने झाकण्यास गणिताप्रमाणे सुमारे २० ग्रॅम पदार्थ पुरतो. प्रत्यक्षात अर्थातच अधिक लागतो.

पुण्यात १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने बाष्पीभवन रोखणाऱ्या अशाच स्वरूपाच्या संयुगांवर पुढील दशकात संशोधन केले. भारतासह अनेक देशांत जलाशयांवर असे प्रयोग झाले. मात्र त्यांची मर्यादाही स्पष्ट झाली. शांत पाण्यावर पडदा चांगले काम करतो, परंतु वारा सुटला की तो एका काठाला गोळा होतो. जिवाणू त्याचे विघटन करतात, त्यामुळे तो वारंवार टाकावा लागतो. उघड्या माळावरील मोठ्या तलावाला उन्हाळी वाऱ्यात हा उपाय एकट्याने पुरा पडत नाही.

शेततळ्याचा कागद

माण आणि आटपाडी परिसरात डाळिंबाच्या बागांसाठी शेततळी घेण्यात आली. 'मागेल त्याला शेततळे' ही राज्य शासनाची योजना २०१६ मध्ये सुरू झाल्यावर त्यांची संख्या वाढली. तळ्यात अंथरला जाणारा प्लास्टिकचा कागद हा सहसंयुज बंधांचाच आविष्कार आहे. एथिलीन वायूच्या रेणूत कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो. त्यातील एक बंध उघडून हजारो रेणू एकमेकांना जोडले की कार्बनची लांबच लांब साखळी तयार होते. हेच पॉलिथिन. या साखळ्या अध्रुवीय असल्याने पाणी त्यांच्यात मिसळत नाही आणि कागदातून सहसा झिरपत नाही.

याच कागदाला ऊन मात्र सोसत नाही. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौम्य अतिनील किरणांतही कार्बन-कार्बन बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. पाण्याचा रेणू त्यांना दाद देत नाही, पण पॉलिथिनच्या साखळ्या वर्षागणिक तुटत जातात आणि पाण्याबाहेरचा कागद ठिसूळ होऊन फाटतो. म्हणून कागदात काजळीची पूड व अन्य संरक्षक द्रव्ये मिसळली जातात.

कागद खाली झिरपणारे पाणी रोखतो, वर उडणारे नव्हे. विंधन विहिरीतून उपसलेल्या पाण्याने शेततळे भरल्यास जमिनीच्या पोटात उन्हापासून सुरक्षित असलेले पाणी उघड्यावर येते आणि त्यातील वाटा बाष्पीभवनाला जातो. अशा भरणीवर जलतज्ज्ञांनी वेळोवेळी आक्षेप घेतला आहे, त्यामागील एक कारण हेच होय.

काळ्या खडकाची साक्ष

सहसंयुज संयुगे म्हणजे मऊ, वायुरूप किंवा सहज वितळणारी, असाही एक समज आहे. पाणी, साखर, मेण यांच्याबाबत तो खरा भासतो, कारण तेथे रेणू-रेणूंमधील ओढ दुबळी असते. हिऱ्यात मात्र कार्बनचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंधाने जोडलेला असतो आणि हे जाळे अखंड असते. माणच्या डोंगरांचा काळा बसाल्ट खडकही सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातील ध्रुवीय सहसंयुज बंधांच्या जाळ्यावर उभा आहे. विहीर खणताना सुरुंग लावावा लागतो, तो या बंधांच्या बळामुळेच.

त्याच खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत भूजल साठते. २०१८ च्या पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातील टाकेवाडी गावाने राज्यात प्रथम क्रमांक मिळविला, तो श्रमदानाने चर खोदून, बांध घालून पाणी जमिनीत मुरविण्याच्या कामासाठी. या कामाची बाजू रसायनशास्त्रही घेते. जमिनीखाली मुरलेल्या पाण्याच्या रेणूला ऊन लागत नाही, वारा लागत नाही, आणि शेजारच्या रेणूची पकड सोडण्याइतकी ऊर्जा त्याला सहजी मिळत नाही.

अलीकडच्या वर्षांत उपसा सिंचन योजनांचे पाणी माणमध्ये पोहोचू लागले आहे. वीज खर्चून चढविलेले हे पाणी उघड्या तळ्यात ठेवायचे की जमिनीत मुरवायचे, हा प्रश्न त्यामुळे अधिकच महत्त्वाचा झाला आहे. पाण्याच्या रेणूतील बंध मजबूत आहे, त्याची चिंता करण्याचे कारण नाही. जपायचा आहे तो रेणू-रेणूंमधला दुबळा बंध. तो उन्हाच्या हाती सोपवायचा की मातीच्या, हे ठरविणे माणसाच्या हाती आहे.